गोळ्यांची पिशवी घेऊन या

ज्येष्ठांच्या तब्येतीच्या या सदरासाठी या महिन्यातली पाच पत्रं निवडली. तीन मुलामुलींची, दोन ज्येष्ठांनी स्वतः लिहिलेली. मुलांच्या तिन्ही पत्रांत ‘आता वय झालंय, चालायचंच’ हे वाक्य कुठे ना कुठे आलंय. ज्येष्ठांच्या पत्रांत ते औषधालाही नाही. सदर सुरू झाल्यापासून हे असंच चाललंय, म्हणून पहिल्याच उत्तरात त्या वाक्याचा समाचार घेते.

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. बीपी सोडलं तर तब्येत काटक, रोज शेतावर चक्कर असायची. दिवाळीनंतर दोनदा पडले, दोन्ही वेळा पहाटे लघवीला जाताना. नशिबानं हाड मोडलं नाही. गुडघे दुखतात म्हणून मी मेडिकलमधून गोळी आणून देतो, त्यानं आराम पडतो. उन्हाळ्यात बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी गोळी डबल केली. मग पायावर सूज आली, त्यासाठी पाणी काढायची गोळी सुरू झाली. रात्री झोप लागत नाही म्हणून झोपेची आहे. प्रोस्टेटची वेगळ्या डॉक्टरांची आहे. वय झालंय, चालायचंच, पण पुन्हा पडू नयेत म्हणून आता शेतावर जाऊ देत नाही. ताकदीचं एखादं इंजेक्शन असतं का?
— एक मुलगा, विटा

उत्तर : इंजेक्शनचा विचार सोडा आणि तुमचंच पत्र परत एकदा वाचा. गोळ्या ज्या क्रमानं सुरू झाल्या त्याच क्रमानं तुम्ही लिहिल्यात, ते फार बरं झालं.

गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅक किंवा तिच्या जातीतली असणार. ती रोज घेतली की अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. मेडिकलमधून आणलेल्या गोळीची नोंद कुठल्याच चिठ्ठीवर नसते, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना फक्त वाढलेलं बीपी दिसलं. त्यांनी गोळी डबल केली. ती अ‍ॅम्लोडिपिन असेल, तर मोठ्या डोसला घोट्याशी सूज येणं हा तिचा नेहमीचा त्रास आहे. ही सूज रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे येते. पाणी साठल्यामुळे येत नाही, म्हणून पाणी काढायच्या गोळीनं ती फारशी हटत नाही. लघवी मात्र वाढते. ती गोळी दुपारनंतर घेत असतील तर रात्री तीन-चारदा उठणं आलंच. उठण्यानं झोप मोडते, झोप मोडते म्हणून झोपेची गोळी. आता झोपेच्या गोळीच्या गुंगीत, काळोखात, प्रोस्टेटच्या गोळीनं आधीच खाली आलेल्या बीपीवर एक ७९ वर्षांचा माणूस घाईनं उठून उभा राहतो. तो पडला नाही तरच नवल.

यात वयाचा दोष किती? थोडा आहेच. पण सुरुवात गुडघ्याच्या गोळीपासून झालीय, आणि ती तुम्ही प्रेमानं आणून देत होता.

हे सगळं मी पत्रावरून बांधलेलं अनुमान आहे. पायावरची सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृतामुळेही येऊ शकते, ते तपासून बाजूला काढावं लागेल. म्हणून मनानं एकही गोळी बंद करू नका. झोपेची तर नाहीच. बरेच दिवस घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकदम थांबवली तर बेचैनी, थरथर, कधी कधी आकडीही येते. ती हळूहळू उतरवतात. करायचं ते असं : घरातली प्रत्येक गोळी, दोन्ही डॉक्टरांच्या, मेडिकलच्या, आयुर्वेदिक, शेजारच्यांनी ‘आमच्या भाऊंना चांगली लागू पडली’ म्हणून दिलेली, सगळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा आणि ती पिशवी एकाच डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा. चिठ्ठ्यांची फाईल नको, पिशवीच न्या. सर्दीच्या गोळ्याही त्यात असू द्या. त्यातल्या काहींनी प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रमही होतो.

दुसरं, डॉक्टरांना सांगा की बीपी झोपवून आणि उभं करून, दोन्ही घ्या. पाच मिनिटं आडवं पडल्यावर एकदा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर पडण्याचं कारण हाती लागलं म्हणायचं. खुर्चीत बसवून घेतलेल्या बीपीत हे कधीच दिसत नाही.

घरात काय कराल? तुमच्याकडे संडास अंगणापलीकडे असेल तर रात्रीपुरतं कॉटशेजारी लघवीचं भांडं ठेवा. दवाखान्यात असतं तसलं प्लास्टिकचं कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. वडील लाजतील. त्यांना सांगा, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. उठताना आधी कॉटच्या कडेला पाय सोडून जरा बसायचं, पावलं चार-सहा वेळा वर-खाली करायची, मग उभं राहायचं. बाथरूममध्ये भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी हवी. टॉवेल टाकायच्या दांडीवर भरवसा ठेवू नका, माणसाचं वजन पडलं की ती स्क्रूसकट हातात येते. दारातलं पायपुसणं उचला. अंगठा झिजलेली स्लीपर फेकून द्या.

आणि शेत. ते बंद करू नका, हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते. म्हातारपणी मांडीचे स्नायू बसून राहिलं की भराभर उतरतात आणि परत चढायला दुप्पट-तिप्पट वेळ घेतात. पडू नयेत म्हणून घरात बसवलेला माणूस चार महिन्यांनी जास्त पडतो. वडिलांना खुर्चीवरून उठून दहा फूट चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला सांगा आणि घड्याळ लावा. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत असं समजा. मग हात न टेकता खुर्चीवरून उठा-बस, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा, जवळ कोणीतरी उभं असताना. काठी घेऊन, उजेडात, सोबतीला एखादा नातू घेऊन शेतावर जाऊ द्यात. शेतावर जाऊ नका असं त्यांना सांगताना ते काय म्हणाले, हे तुमच्या पत्रात नाही. विचारून बघा.

प्रश्न : सासऱ्यांना (८३) ऐकू कमी येतं. टीव्ही इतका मोठा की सोसायटीतून तक्रार येते. आम्ही ओरडून ओरडून दमतो, तर म्हणतात, ‘ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला!’ वय झालंय म्हणून सोडून दिलं. २२ हजारांचं मशीन घेतलं होतं, ते कपाटात पडून आहे. आता नातवाशीही बोलत नाहीत, विसरतातही.
— डोंबिवली

उत्तर : ते खरंच सांगताहेत. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. वयाबरोबर आधी बारीक, चढ्या सुराचं ऐकणं जातं. स, श, त, फ ही अक्षरं त्या पट्टीत येतात, नातवाचा आवाजही तिथलाच. तुम्ही ओरडलात की स्वर मोठे होतात, पण ही अक्षरं तशीच हरवलेली राहतात आणि कानाला कळ मात्र लागते. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या; काही वेळा अर्धा प्रश्न तिथेच संपतो. मग मशीन जिथून घेतलं तिथे परत न्या. पहिल्या दिवशी लावलं की भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या चावण्याचा आवाज अंगावर येतो आणि माणूस ते काढून ठेवतो. मेंदूला या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिले काही दिवस एक-दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावायचं आणि दोन-तीनदा सेटिंग बदलून घ्यायचं. ती सेवा बहुतेकदा किमतीतच धरलेली असते, हक्कानं मागा.

विसरण्याबद्दल : बहिरेपण हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मोठं कारण आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात अशी १४ कारणं आहेत, त्यांत हे आहे. तेव्हा मशीन कपाटातून काढणं निव्वळ सोसायटीची तक्रार मिटवण्यापुरतं समजू नका. शिवाय न ऐकलेली गोष्ट लक्षात राहणार कशी?

प्रश्न : आई ८१ वर्षांची. मागच्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून जेवण कमी कमी होत आता चहा-खारी, दुपारी वरणभाताचे दोन घास, रात्री परत चहा-बिस्किट. वजन ४८ किलो होतं, आता ४१. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू. विचारलं की म्हणते, ‘भूकच नाही, वय झालं आता, किती खायचं?’ भाऊ म्हणतो, म्हातारपणी माणूस वाळतोच. मला पटत नाही.
— नागपूर

उत्तर : तुमचं न पटणं बरोबर आहे. म्हातारपणी माणूस वाळतो ही आपल्याकडची फार जुनी समजूत, आणि तिच्या आडून पुष्कळ आजार निसटतात. सहा महिने ते वर्षभरात शंभरातले पाच किलो उतरले तरी आम्ही तपासणी सुरू करतो. तुमच्या आईचे सात उतरलेत, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

डॉक्टरांकडे जायच्या आधी आईला तोंड उघडायला सांगा. मी थट्टा करत नाही. वजन उतरलं की हिरड्याही आटतात, कवळी सैल होते, चावताना टोचते, आणि बाई गुपचूप चहात बुडवून खाता येईल तेवढंच खायला लागते. खारी त्यासाठीच असते. पोळी सोडली, भाकरी सोडली, भाजी सोडली, हे कोणी लक्षात घेत नाही, कारण ती तक्रारच करत नाही. कवळी नीट बसवून घेतली, किंवा आत पांढरा बुरा साठला असेल (तोही एक संसर्गच) तर त्यावर औषध लावलं, की कित्येक जणी आठवड्यात जेवायला लागतात.

मग गोळ्या. मेटफॉर्मिननं भूक मंदावते, तोंडाला धातूसारखी चव येते. ती आणि अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं एकत्र चालल्या की बी-१२ जीवनसत्त्व उतरतं. आई शाकाहारी असेल तर जास्तच. इतकं वजन कमी झालेल्या ८१ वर्षांच्या बाईला शुगरचा तोच जुना कडक डोस लागतोच असं नाही. डॉक्टरांना नेमकं हे विचारा : ‘आता हिला एवढी गोळी हवी का?’ थायरॉइड, बी-१२, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंड तपासून घ्या, पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्सरेही ते सांगतील. कशाला, असं म्हणू नका.

दुःखाचं काय? बाबा गेले त्याला वर्ष झालं. ती सकाळी उठून काय करते, पूर्वी जे आवडायचं, हरिपाठ, शेजारणी, मालिका, त्यातलं काही उरलंय का, रात्री दोन-तीनला जाग येऊन पडून राहते का, ‘मी असून काय’ असं बोलते का, ते बघा. ही उदासी असेल तर तिच्यावर औषधं आहेत आणि ती ८१ व्या वर्षीही लागू पडतात. पण एक गोष्ट औषधाशिवाय करता येईल. ती आयुष्यभर बाबांच्या ताटाबरोबर जेवली असणार. आता तुम्ही सगळे ऑफिसला गेल्यावर ताट झाकून ठेवलेलं असतं. एकटीला ताट वाढून घ्यायची तिला सवयच नाही. निदान रात्रीचं जेवण तिच्या वेळेला, तिच्यासोबत.

ताटात काय? या वयात किलोमागे रोज साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. आईला ४० ते ५० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार निघाला तर हा आकडा डॉक्टर बदलतील.) चहा-खारीत नावाला असतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, घट्ट वाटीभर वरणात साधारण तेवढीच. मऊ आणि ताकदीचं असं आपल्या स्वयंपाकात खूप आहे : पातळ झुणका, मुगाच्या डाळीचं धिरडं, दाण्याचं कूट घातलेलं ताक-भात, कुस्करलेलं पनीर, अंड्याची भुर्जी. पोळी दुधात कुस्करून. प्रथिनांचे महागडे डबे मी सहसा लिहून देत नाही. थोडं थोडं, पाच-सहा वेळा, आणि जेवणाआधी चहा नाही. चहानं भूक मरते, हे तिला मीच सांगितलंय म्हणा.

प्रश्न : डॉक्टर, मी निवृत्त शिक्षिका, वय ७४, चिपळूणला एकटीच असते. प्रकृती उत्तम, नळावरून पाणी आणते, दर गुरुवारी एसटीनं बहिणीकडे जाते. मुलगा टोरांटोला. मे महिन्यात आला तेव्हा घरात चार कॅमेरे बसवून गेला : ओटी, माजघर, स्वयंपाकघर, झोपायची खोली. दुपारी जरा डुलकी लागली की फोन, ‘आई, ऊठ, शुगर वाढेल.’ (मला शुगर नाही.) परवा म्हणाला, ‘लोणचं कशाला घेतलंस?’ मी मुलांना पस्तीस वर्षं शिस्त लावली. आता माझ्या ताटावर पहारा. सून म्हणते, काळजीपोटीच करतो. त्याला न दुखवता हे कसं काढायला लावू?
— चिपळूण

उत्तर : बाई, लोणचं खा. बीपी नसेल तर दोन फोडी घ्या.

काळजी खरी असली म्हणून तिला झोपायच्या खोलीत यायची परवानगी मिळत नाही. मुलाला एवढंच सांगा की ओटीवरचा एक कॅमेरा राहील, बाकीचे तीन निघतील, आणि ओटीवरच्याचं बटन माझ्या हाताशी असेल. तो वाद घालेल. त्याच्या वादात एक मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर तुमच्याकडे हवं : रात्री पडलात तर कळणार कोणाला? पडण्यापेक्षा पडून राहणं वाईट असतं. तासन् तास फरशीवर पडलं की अंग गार पडतं, पाणी कमी होतं, दबलेले स्नायू विरघळून मूत्रपिंडाला त्रास होतो.

तेव्हा कॅमेऱ्याच्या बदल्यात त्याला हे द्या. सकाळी सातला ‘उठले’ असा एक निरोप मोबाईलवर. आठपर्यंत तो आला नाही तर मुलानं शेजारी फोन करायचा, आणि शेजारी तुमच्या घराची किल्ली हवी. आतून कडी लावत असाल तर किल्लीचा उपयोग नाही, म्हणून रात्री लॅच लावायचं, कडी नाही. मोबाईल झोपताना उशाशी, बाथरूमला जाताना गळ्यातल्या पिशवीत.

आणि फरशीवरून उठायला शिका. हे कोणी शिकवत नाही. पडल्यावर लगेच धडपडायचं नाही. आधी कुठे दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर वळायचं, कोपरावर रेटून गुडघ्यांवर-हातांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, बरा पाय पुढे, आणि वर. बहिणीकडे गुरुवारी जाल तेव्हा ती जवळ असताना चटईवर करून बघा. दोघी करा.

त्या गुरुवारच्या फेरीत खंड पडू देऊ नका. तुमचं आता अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तर पूर्ण झाली की एसटी राज्यभर फुकट. डोंगराएवढी औषधं दिली तरी या फेरीची बरोबरी होणार नाही.

प्रश्न : मी ७१, पत्नी ६८. एकुलता एक मुलगा म्हणतो, घर आत्ताच माझ्या नावावर बक्षीसपत्र करून द्या, मुलाच्या नावावर केलं तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे, पुढे तुमच्या दवाखान्याचा खर्च मीच बघणार. मुलगा चांगला आहे. पण या विचारानं मला रात्री झोप नाही. झोपेची गोळी द्याल का?
— नाशिक

उत्तर : गोळी नाही देणार. तुमची झोप जिथे अडकलीय तिथेच उत्तर शोधू.

मी वकील नाही, पण दवाखान्यात हे इतक्यांदा ऐकलंय की चार गोष्टी पाठ झाल्यात. मुलगा चांगला आहे ना? मग मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं, घर तुमच्याच नावावर राहतं आणि मुलाचंही काही जात नाही. बक्षीसपत्रच करायचं असेल तर ‘आईवडिलांचा सांभाळ, राहणं, औषधपाणी मुलानं करायचं’ ही अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ही अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अट लिहिलेलीच नसेल तर भांडण फार जड जातं. मुलगा सांभाळत नसेल तर याच कायद्यानं पोटगीही मागता येते, केंद्राच्या कायद्यात तिची मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. नुसती माहिती हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

दवाखान्याच्या खर्चाचं म्हणाल तर तुम्ही सत्तरी ओलांडलीय. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेतून वर्षाला, घरातल्या अशा सगळ्यांना मिळून, ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. आधार कार्डावर ‘वय वंदना’ कार्ड काढून घ्या, हे काम याच आठवड्यात करा. पत्नीचं त्यांना सत्तर पूर्ण झाल्यावर निघेल. म्हणजे घर लिहून देण्याचं जे कारण मुलगा सांगतोय, त्यातलं बरंचसं वजन कमी झालं.

पत्नींना काय वाटतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरावर दोघांचं नाव आहे का तेही बघा. आणि सही करण्याआधी मसुदा एखाद्या वकिलाला दाखवा. तो वकील मात्र मुलानं आणलेला नसावा.